मोराचा सातबारा

संगणकाच्या आगमनाने दफ्तरशाहीचा अंत झाला असे जे सुशिक्षित गृहस्थ मोठ्या उत्साहाने सांगत फिरतात, त्यांनी कोरलड्रॉमध्ये दोन सुट्या रेषांची टोके एकमेकांस जोडण्याचा उद्योग कधी केलेला नसावा, असा माझा नम्र परंतु दृढ तर्क आहे. टिपणे, फाळणीबारे आणि मोजणीचे नकाशे यांच्या सहवासात सारी नोकरी घालविल्यानंतर, कायदेकानूंचा तसाच कडक अंमल मला पुन्हा आढळला तो साखर पेठेतील पुतण्याच्या छपाईच्या दुकानात. आणि पेन्शनरास आणखी काय हवे असते?

पूर्व भागातील एका व्यापाऱ्यास आपल्या मालाच्या खोक्यावर चादरीतलाच मोर छापून हवा होता. आता जेकार्ड मागावरच्या मोरास रेषा म्हणून मुळी नसतेच. चौकटीच्या कागदावर घरे भरून तो आधी मांडतात, त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना छिद्रे पाडतात, आणि कोणता उभा धागा उचलावा व कोणता खाली ठेवावा हे त्या छिद्रांच्या हुकुमाने ठरत ठरत तो पक्षी पायरीपायरीने कापडावर अवतरतो. पुतण्याने मात्र नव्या विद्येच्या अभिमानाने त्याची एकेक रेषा स्वतंत्र ओढली, मोठ्या डौलाने पिसारा उभा केला, आणि रंगाच्या डब्यावर टिचकी मारली. मोर होता तसाच पांढरा राहिला.

"काका, रंग भरंना की हो!"

मी चष्मा पुसून पाहिले. नजरेला मान आणि छाती यांत केसाइतकेही अंतर दिसेना. परंतु कोरलच्या लेखी दोन्ही टोके उघडीच होती. मला त्यात नवल वाटले नाही. तेहेतीस फुटी साखळी टाकून गुंठ्याचे १०८९ चौरस फूट मोजणारे आमचे खातेदेखील, शेताची हद्द जिथून सुरू झाली तिथेच येऊन मिटल्याखेरीज क्षेत्रफळ काढीत नसे, मग बांधावर उभे राहून दोन्ही भाऊबंद कितीही शपथा घेवोत. इंकस्केप आणि इलस्ट्रेटर ही मंडळी याबाबतीत मवाळ: दोन टोकांमध्ये मनानेच एक सरळ रेषा गृहीत धरून ती उघड्या आकृतीतही रंग ओततात. असा कारभार करणारे तलाठी मी पाहिलेले आहेत. त्यांच्याविषयी इथे अधिक न बोलणेच बरे.

पुतण्याने मग सर्व रेषा निवडून 'ग्रुप' केल्या. ग्रुप म्हणजे एका वाड्यात राहणारे, परंतु चुली वेगळ्या असलेले भाऊ. त्यांची टोके कशी जुळणार? आधी 'कंबाइन' करून सातबारा एक करावा, नंतर दोन टोकांचे बिंदू निवडून ते जोडावेत, असा तिथला शिरस्ता. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यान्वये विखुरलेल्या तुकड्यांचे गट पाडण्याचा खटाटोप ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही क्रमवारी समजावून सांगावी लागत नाही. रेनो कारखान्यातील पिएर बेझिए यांनी मोटारींच्या अंगकाठीकरिता प्रचारात आणलेली वक्ररेषा आपल्या मोराच्या मानेत येऊन बसते आणि तिलाही अखेर फेरफार मंजूर करून घ्यावा लागतो, हे पाहून मला त्या फ्रेंच गृहस्थांविषयी सहानुभूती वाटली.

परंतु पोरास धीर नव्हता. एवढे बिंदू एकेक करून कोण जोडणार, म्हणून त्याने वक्र जोडण्याची सामुदायिक योजना उघडली. किती अंतरापर्यंतची फट मिटवावी याची मर्यादा तीत आपण भरावयाची असते; त्याने ती इनामदाराच्या औदार्याने भरली. तत्क्षणी तुरा शेजारच्या पिसास जाऊन मिळाला आणि एका पायाने दुसऱ्याशी कायमचा समझोता केला. 'अनडू' ही सोय आमच्या कचेरीत असती, तर जिल्ह्यातील निम्मे दावे दाखलच झाले नसते.

मर्यादा आवळून, उरलेली टोके हाताने जुळवून अखेर पिसारा निळा झाला. संध्याकाळी व्यापारी आले, पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिले, आणि म्हणाले, "झकास आहे हो, पण हा चादरीचा मोर नाही. आमच्या मोराच्या कडेला पायऱ्या असतात."

पुतण्याने माझ्याकडे एकवार पाहिले, नवे पान उघडले आणि चौकटी आखावयास घेतल्या.