हळूहळूवाले काका

खिशात मधाची बाटली घालून पर्वती चढणारे हे काका तुम्हाला भेटलेले असणारच. नसतील, तर पहाटे जाऊन बघा, तेच गाठतील.

"साखर म्हणजे रद्दी कागद, भसकन पेटतो, विझतो. मधाची एनर्जी कशी, हळूहळू!" हे म्हणताना त्यांचा उजवा पंजा छातीपासून पोटापर्यंत संथपणे खाली उतरतो. एरवी सगळं घाईचं. 103 पायऱ्या धापा टाकत, चहा उभ्याने, दुसऱ्याचं वाक्य अर्ध्यात तोडून. पंजा तेवढा हळूहळू.

सोसायटीतल्या आहारतज्ज्ञ मुलीने एकदा हिंमत केली. मधात साधारण 38 टक्के फ्रुक्टोज, 31 टक्के ग्लुकोज, उरलेल्यात बरंचसं पाणी. साखरेतही हीच दोघं, फक्त एकमेकांना बांधलेली. ती गाठ आपलं आतडं सोडवतं. मधात ती मधमाशीने आधीच सोडवलेली असते. मग उशीर लावायचा कोणी? ग्लायसेमिक इंडेक्स म्हणाल तर साखरेचा 65च्या आसपास, मधाचा सरासरी 60च्या आगेमागे; फ्रुक्टोज जास्त असलेल्या मधाचा आणखी खाली. वर मध जड, त्यामुळे चहाच्या चमच्यामागे कॅलरी साखरेच्या 16, मधाच्या 21.

"ते दुकानातल्या मधाचं," काका म्हणाले. "माझा महाबळेश्वरचा, जांभळाचा." आणि पंजा निघाला खाली.

थंडीत बाटलीत साखरेसारखे खडे धरले. मधातलं ग्लुकोजच ते. काकांनी बाटली कोमट पाण्यात बुडवली. "विरघळेल, हळूहळू." कोणाच्या तरी चार महिन्यांच्या नातवाला ते बोट चाटवायला निघाले, तेव्हा त्याच मुलीने हात धरला. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही, बोट्युलिझमचा धोका असतो. काका चक्क गप्प बसले. तेव्हापासून बाळ दिसलं की बाटली खिशात खोल जाते.

परवा अर्ध्या वाटेवर इन्सुलिन घेणाऱ्या एका काकूंना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. बाकीचे डॉक्टरांचा नंबर शोधेपर्यंत काकांनी मोठा चमचाभर मध त्यांच्या तोंडात घातला आणि पायरीवर शेजारी बसकण मारली. साखर एकदम उतरली की देतात तो हाच डोस, आणि मध चालतो तो झटपट रक्तात पोचतो म्हणूनच. पंधरा मिनिटं काका हलले नाहीत. फिरणं बुडालं, चहा बुडाला, बोलणंही.

काकूंच्या चेहऱ्यावर रंग परतला, तसा पंजा छातीशी आला.

"बघा, कसं हळूहळू!"

आहारतज्ज्ञ मुलगी मागेच उभी होती. ती काही बोलली नाही. चमचा तेवढा धुऊन आणला.