नवीन फोल्डर (७)

गाणी ऐकणारी माणसं मला नेहमीच जरा उथळ वाटत आली आहेत. मनात आलं, लावलं, मान डोलावली, संपलं. मागे काय उरलं? माझ्याकडे दोन टेराबाइटची हार्ड डिस्क आहे, तिची हुबेहूब नक्कल असलेली दुसरी डिस्क आहे, आणि गेली अकरा वर्षं मी गाणी लावतो आहे. लावतो म्हणजे रचून ठेवतो. वाजवण्याशी गल्लत नको.

सुरुवात आडनावांपासून केली. त्यामुळे बालगंधर्व, सवाई गंधर्व, छोटा गंधर्व आणि कुमार गंधर्व असे चौघे एकाच फोल्डरात आले, एका रेशनकार्डावर नावं असावीत तसे. मग लक्षात आलं, ही आडनावं नव्हेतच. राजहंस, कुंदगोळकर, गोरे आणि कोमकली अशी चार घरं उघडून प्रत्येकाला आपापल्या दारी पोचवलं. त्यात तीन रविवार गेले. आता कुमारांचं काही हवं असलं की 'को'मध्ये बघायचं असतं, हे माझ्याच लक्षात राहत नाही. पण शिस्तीचा सोयीशी संबंध असतो असं कुणी सांगितलं?

लता मंगेशकरांनी १९६५ साली 'साधी माणसं'ला आनंदघन या नावाने संगीत दिलं. ती गाणी लताबाईंकडे ठेवावीत की आनंदघनांकडे? दोन्हीकडे ठेवली. मग डुप्लिकेट हुडकणाऱ्या प्रोग्रामने एकीकडची उडवली. कुठली, ते शोधतो आहे.

दरम्यान सगळं मोडून रागवार लावायला घेतलं. या कामातले माझे पूर्वसूरी म्हणजे पंडित भातखंडे. पेशाने वकील, त्यामुळे फायली लावण्याची जाण अंगातच. हिंदुस्तानी संगीतातले राग त्यांनी दहा थाटांत बसवले. दहा फोल्डर! इतका देखणा विचार मी दुसरा पाहिलेला नाही. आता पटदीपचा गंधार कोमल आणि निषाद शुद्ध, आणि नेमका असा थाट त्या दहांत नाही; तेव्हा त्याला काफीत बसवतात, पंगतीला उशिरा आलेल्या पाहुण्याला पोराटोरांच्या ओळीत पाट मांडून द्यावा तसं. यात चूक पटदीपची आहे, हे मी कुणालाही पटवून देईन. मल्लिकार्जुन मन्सूरांचा बसंती केदार बसंतात टाकावा की केदारात, हा प्रश्न मात्र मी निवृत्तीनंतरसाठी राखून ठेवला आहे.

फाइलीला टॅग लावणं हे आजचं खूळ आहे असं आमच्या घरी समजतात. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान तबकड्यांसाठी गायल्या, तेव्हा गाणं संपताच त्या स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारत, कारण जर्मनीत तबकडी काढणाऱ्या कारागिरांना गाणं कोणाचं ते कळायला हवं होतं. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची, आणि त्यातली काही सेकंदं नावाला! महत्त्वाचं काय, ते कळणारी बाई.

आपल्याकडे ती सोय १९९६ साली आयडीथ्री टॅगने झाली. एमपीथ्री फाइलीच्या शेपटाला १२८ बाइटांची चिठ्ठी, त्यात गायकाच्या नावाला ३० बाइट. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतलं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना-मात्रा-वेलांटी तीन-तीन बाइट खाते. मी बोटांवर मोजलं: 'भीमसेन जोशी', मधल्या मोकळ्या जागेसकट, ३१ बाइट. एक जास्त. त्यामुळे माझ्या जुन्या प्लेअरवर ते 'भीमसेन जोश' असे येतात आणि पुढे एक काळा चौकोन. मजकूर म्हणून त्यात फारसं चुकीचं काही नाही, तरी मी वहीत नोंद केली आहे.

आईला ही दृष्टी नाही. तिच्याकडे चपलांच्या खोक्यात तीसेक कॅसेटी आहेत. लेबलांवर तिच्या हातचं: 'चांगली', 'दुपारची', 'काकूंकडची, परत देणे'. त्यातून हवी ती कॅसेट तिला दहा सेकंदांत सापडते, हा निव्वळ योगायोग.

मागच्या महिन्यात 'दुपारची' संगणकावर घेतली. टेपरेकॉर्डर रेडिओसमोर ठेवून भरलेलं गाणं. बटण दाबेपर्यंत निवेदन होऊन गेलेलं, त्यामुळे गाणारं कोण, ते कळायला मार्ग नाही. आई म्हणाली, मुलतानी आहे. विलंबित निवांत चाललेलं, आणि अठराव्या मिनिटाला कुकरची शिट्टी. मागोमाग दुसरी, आणि लांबून आईचा चाळीस वर्षांपूर्वीचा आवाज, "अगं, गॅस बारीक कर!" आई ऐकता ऐकता हसायला लागली. मी तिथेच थांबवलं, कारण रकाने भरायचे होते.

"अरे, पुढचं लाव की," ती म्हणाली.

"लावतोच आहे," मी म्हटलं.

गायक: अज्ञात. राग: मुलतानी (आईच्या मते). साथ: तबला, हार्मोनियम, कुकर. घोडं अडलं ते 'प्रकार' या रकान्यात. टॅगबरोबर आलेल्या मूळ यादीत ऐंशी प्रकार आहेत. त्यात पोल्का आहे, ख्याल नाही. मी दोन्ही बाजूंनी विचार करतो आहे. तोवर फाइल 'नवीन फोल्डर (७)' मध्ये आहे. काल आईने विचारलं, तिसरी शिट्टी झाली होती का रे? बघून सांगतो म्हटलं.