श्रीमान अंगठेराव यांस अनावृत पत्र

प्रति,
श्रीमान अंगठेराव,
मुक्काम : तमाम मोबाइलधारकांचा उजवा हात

स. न. वि. वि.

पत्र लांबलचक आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते : याच्या तळाशी ‘मान्य आहे’ असं बटण नाही. तेव्हा आपण सवयीनं शेवटाकडे झेप घेतलीत तरी हाती काही लागायचं नाही. वाचावंच लागेल. त्रासाबद्दल क्षमस्व.

सर्वप्रथम आपलं अभिनंदन. आपल्या घराण्यानं काय दिवस काढले होते! ज्याला लिहिता-वाचता येत नाही, त्यानं आपल्याला शाईत बुडवायचं, कागदावर टेकवायचं आणि मग गावानं त्याला अंगठेबहाद्दर म्हणून हिणवायचं. आज बघा. डॉक्टर, वकील, चार्टर्ड अकाउंटंट, झाडून सगळे आपल्यालाच पुढे करतात. समोर पानंच्या पानं मजकूर उलगडतो, आपण दोन सपाट्यांत तळ गाठता, टेकता, आणि काम फत्ते. न वाचता ठसा उमटवण्याची कला पूर्वी गरिबाच्या वाट्याला होती. आपण ती पदवीधरांच्या दिवाणखान्यात नेऊन पोचवलीत.

मी बहरीनमध्ये, बुदैयात राहते आणि कॉलेजात शिकते. गाव समुद्राकाठचं, बेटाच्या वायव्य टोकाला. हिवाळ्यात इथल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये शनिवारी सकाळी शेतकरी बाजार भरतो. टोमॅटो बहरीनच्या मातीतले, ताजे. पण माणसं ते घेण्याआधी त्यांचा फोटो घेतात, फोटोवर ठिकाण टाकतात आणि सगळं घर बाजारात आल्याची खबर चोरांसकट सर्वांना देऊन मोकळी होतात. मग कुठलं तरी दुकान इन्स्टाग्रामवर जाहीर करतं, ‘आम्हाला फॉलो करा, तीन मित्रांना टॅग करा, परफ्यूमची बाटली जिंका.’ आपण तत्काळ तीन मित्र वाहून टाकता. त्या तिघांना कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. प्रश्न पडायला मेंदू लागतो आणि तो आपल्यापासून फार लांब, दंडाच्याही पलीकडे राहतो.

आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवरची आपली कामगिरी तर सोन्याच्या अक्षरांनी लिहावी अशी. समुद्रावरचा कॉजवे ओलांडून सौदीत सहल न्यायची ठरली की कुणीतरी लिहितं, ‘सगळ्यांनी पासपोर्ट आणि सीपीआर टाका.’ तासाभरात दीडेकशे माणसांच्या ग्रुपवर बायकापोरांसकट अख्खी कुटुंबं फोटोनिशी हजर. सीपीआर म्हणजे इथलं ओळखपत्र; त्याच्या क्रमांकाच्या नऊ आकड्यांपैकी पहिले चार म्हणजे जन्माचं साल आणि महिना. ज्या काकू गेली कित्येक वर्षं वय सांगत नव्हत्या, त्यांचं वय आपण एका टिचकीत जाहीर केलंत. सत्यनिष्ठा म्हणतात ती हीच.

पण या बेटावरचा आपला सर्वांत मोठा पराक्रम २०२० सालचा. कोरोनाची साथ आली आणि सरकारनं ‘बीअवेअर बहरीन’ नावाचं ॲप काढलं. साथ खरी होती, बाधिताच्या संपर्कातली माणसं शोधणं गरजेचं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. नोंदणीला ओळखपत्राचा क्रमांक लागे आणि माणूस कुठे आहे हे जीपीएसवरून जवळजवळ क्षणाक्षणाला मध्यवर्ती सर्व्हरवर जाई. त्यातच रमजान आला आणि टीव्हीवर कार्यक्रम सुरू झाला : ‘तुम्ही घरी आहात का?’ ॲपमधून मिळालेल्या नंबरांतून रोज दहा नंबर संगणकानं काढायचे, थेट प्रक्षेपणात फोन लावायचा, माणूस घरी सापडला की बक्षीस! सुरुवातीला या खेळातून अंग काढून घ्यायची सोयच नव्हती. ती मागाहून आली. साथ आवरायला दिलेला नंबर करमणुकीला कसा गेला? आपण दिला होतात, म्हणून गेला. आणि हे घडत होतं तेव्हा बहरीनचा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०१८ सालचा ३० क्रमांकाचा कायदा लागू होऊन वर्षही झालं नव्हतं. त्या जूनमध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलनं अकरा देशांची अशी ॲप्स तपासली आणि खासगीपणाला सर्वांत घातक ठरलेल्यांत बहरीन, कुवेत आणि नॉर्वे यांची नावं घेतली. नॉर्वेनं आपलं ॲप थांबवलं. तिकडचे अंगठे थंडीनं आखडले असावेत.

आता मुद्द्याचं बोलते. आपला बचाव मला पाठ आहे : ‘माझी माहिती, माझी मर्जी. माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?’ वा! पण अंगठेराव, आपण देता ती माहिती आपली असते कुठे? ‘दिस इज युअर डिजिटल लाइफ’ नावाची एक स्वभावचाचणी फेसबुकवर होती. तिच्यातून केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीकडे माहिती गेल्याचं प्रकरण बाहेर आल्यावर, एप्रिल २०१८ मध्ये, फेसबुकनंच आकडे दिले. भारतात चाचणीचं ते ॲप घेतलं होतं ३३५ जणांनी. माहिती गेली असण्याची शक्यता किती जणांची? ५,६२,४५५. म्हणजे तीनशे पस्तीस अंगठ्यांना स्वतःचा स्वभाव जाणून घ्यायची हौस आली आणि तिची किंमत साडेपाच लाखांहून अधिक माणसांच्या खात्यावर पडली. त्या माणसांनी काहीच दाबलं नव्हतं. त्यांचा गुन्हा एवढाच, की ती कुणाची तरी मित्र होती. फोनबुक उघडून देताना आपण हेच करता. त्यात आपला नंबर नसतोच. असतात ते आजीचे, मैत्रिणीचे, दूधवाल्याचे, नंबर बदलून नव्यानं जगू पाहणाऱ्या एखाद्या बाईचे. उदार तर उदार, तेही परभारे.

हीच परभारी उदारता ‘फॉरवर्ड’ करताना कुठवर जाते, हे महाराष्ट्रानं पाहिलं आहे. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा कित्येक दिवस मोबाइलवरून पसरत होती. जमावानं त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठेचून मारलं. टोळी नव्हतीच. त्या काळात देशभर एक व्हिडिओ हिंडत होता, मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यातलं मूल उचलून नेतात असा. मूळ चित्रफीत कराचीतली, मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली. तिच्या शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि सावध करणारी पाटी दाखवतात. कुणीतरी तेवढा शेवट कापला. कापणारे हात दोन असतील; शेवट कुठे गेला हे न विचारता पुढे ढकलणारे लाखो होते, आणि त्या प्रत्येक हातावर आपण होतात. खटल्यात आरोपी म्हणून आपलं नाव नसतं. आपण फक्त ‘आलं तसं पाठवलं’.

त्या जुलैमध्येच व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाच ठिकाणीच फॉरवर्ड करता येईल असं जाहीर केलं. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल अशी अट आली आणि असे संदेश सत्तर टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनं सांगितलं. आपल्याला सद्बुद्धी झाली, अशातला भाग नाही. जास्त वेळा टेकायचा कंटाळा आला. ज्या देशात प्रबोधन थकलं, तिथे आपला आळस कामी आला.

आपल्या घराण्याचा इतिहासही आपण वाचला नसणारच, म्हणून सांगते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांना हवे होते कागद : कर्जरोखे, खतं, हुकूमनामे. ते मिळवून त्यांनी जाळले. त्या कागदांवर काय लिहिलंय ते वाचता न येताच अनेकांनी निशाणी केली होती आणि जमीन गमावली होती. इंग्रज सरकारनं १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा केला. रोखा गावच्या रजिस्ट्रारपुढे व्हायचा, मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि कबूल करणाऱ्याला तो समजला अशी खात्री पटल्यावरच निशाणी. दीडशे वर्षांपूर्वीच्या निरक्षर कुणब्याला निदान मजकूर ऐकायचा हक्क मिळाला. आपल्या भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही तरतूद आहे, की संमती मागणारा मजकूर साध्या, स्पष्ट शब्दांत हवा आणि तो राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, पाहण्याची सोय हवी. मजकूर मराठीत आला तरी आपण तो वाचाल, या कल्पनेनं मला मात्र गुदगुल्या होतात.

तरीही न्यायाला धरून बोलते. सगळा दोष आपल्या माथी मारणं सावकाराला सोडून देण्यासारखं होईल. संकेतस्थळांची खासगीपणाविषयीची सगळी धोरणपत्रं वाचायची म्हटली, तर माणसाला वर्षाला दोनशेहून अधिक तास लागतील, असा हिशेब कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी २००८ मध्येच मांडला होता. ती लिहिणाऱ्यांना आपण वाचू नये असंच वाटतं. म्हणून तर ‘मान्य आहे’ ठळक निळं असतं आणि ‘नको’ फिकट करडं, कोपऱ्यात, लाजून उभं असतं. पण सावकार माझ्या हातात नाही. हातात आहात ते आपणच.

तेव्हा तीन अटी घालते. फार नाहीत, मोबाइलच्या एका पडद्यावर मावतील. पहिली : कुठल्याही ॲपनं फोनबुक, ठिकाण किंवा फोटो मागितले की आपण हवेतच थांबायचं. टॉर्चला आमच्या आत्याचा नंबर कशाला हवा, एवढंच विचारायचं. दुसरी : दुसऱ्याचं कार्ड, दुसऱ्याचं मूल, दुसऱ्याचा आजार पुढे पाठवण्याआधी त्या दुसऱ्याला विचारायचं. त्याच्या वतीनं मान्य म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुणीही दिलेला नाही. तिसरी : जो मजकूर वाचून संताप अनावर होईल, तो त्या दिवशी पाठवायचा नाही. खरा असेल तर उद्याही खराच राहील.

अटी मोडल्यास काय, असं विचाराल. एकलव्याच्या अंगठ्याचं पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहेच. द्रोणाचार्यांएवढी कठोर मी नाही. माझ्या हातात चाकू नाही, सेटिंग्ज आहेत.

लोभ आवरावा, ही विनंती.

आपली,
संमती न दिलेली,
बुदैयातली एक विद्यार्थिनी

ता. क. : उत्तर द्यायचं झाल्यास शब्दांत द्यावं. सवयीप्रमाणे स्वतःचंच पिवळं चित्र पाठवून मोकळं होऊ नये.