वेग कमरेत असतो

आमच्या मामांकडे ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे, असं एकटे मामाच म्हणतात. बाकीच्या तिरोड्याच्या लेखी ती एक जुनी स्टँडर्ड हेरल्ड आहे. पण सोयरीक जुळवताना काढतात तशी मामांनी तिची सगळी कुळी काढून ठेवलीय. इंग्लंडात 1959 साली ट्रायम्फ हेरल्ड आली. तिचं रूप इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्तींनी रेखाटलं. 1961 साली मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने ती आपल्याकडे बनवायला घेतली. आणि तिचीच चासी आखूड करून 1962 साली तिकडे दोघांपुरती, उघड्या टपाची ट्रायम्फ स्पिटफायर निघाली.

"म्हणजे ही थोरली बहीण," मामा सांगतात. "धाकटीला डोक्यावर छप्पर नाही, घरात पाहुण्याला जागा नाही. तरी नाव तिचंच!"

हिच्या खानदानाचा प्रत्यय घ्यायचा तर बोदलकसा तलावाच्या रस्त्याला लागावं. दोन्ही बाजूंना साग-मोहाचं रान आणि मधून वळणावळणाची सडक. नव्या गाडीत काचा लावून, एसी सोडून ऐंशीने गेलं तरी आपण बैठकीतच बसलोय असं वाटतं. वेग फक्त काट्यावर दिसतो. हेरल्डमध्ये काट्याकडे बघायला फुरसत कुणाला? 948 सीसीचं इंजिन कानाशी बोलत असतं, रस्त्यातला खडा न् खडा स्टिअरिंगमधून हाताला आपली ओळख सांगतो आणि शेजारून बोलेरो गेली की तिचं चाक आपल्या खिडकीशी गप्पा मारतं. चाळिसावरच छातीत धडधडतं, डोळ्यांत पाणी येतं, आपण काहीतरी पराक्रम करतोय अशी खात्री पटते. वेग काट्यावर नसतो, कमरेत असतो. आणि ज्या वाटेवर पुढच्या वळणाला चितळही असू शकतं आणि गुरंही, तिथे एवढा वेग पुरतो.

मामांना मात्र चालवण्याइतकंच थांबणं प्रिय. तलावाच्या पाळीजवळ गाडी उभी करून ते बॉनेट उघडतात. हिचं बॉनेट मडगार्डांसकट पुढे कलंडतं. मग पुढच्या चाकावर ऐसपैस बसून इंजिनाशी बोलता येतं. भोवती माणसं जमतात. हा तलाव 1917 सालचा, म्हणजे इंग्रजी अमदानीतलाच. मामांना तुलनेचा मोह आवरत नाही. हेरल्डच्या काळच्या ब्रिटिश गाड्यांबद्दल जगभर एक विनोद चालतो : खाली तेल ठिबकत नसेल तर समजावं, आतलं संपलंय. "बघा," मामा म्हणतात, "त्याच साहेबाच्या राज्यात एवढ्या मोठ्या तलावाचं पाणी अडलं. वाटीभर तेल अडवायची वेळ आली तेव्हा साहेबाचा हात आखडला!"

परतताना मामांनी चावी माझ्या हातात दिली. मोकळी सडक मिळाली, तसा मी पाय दाबला. खिडक्या थरथरल्या, झाडं मागे पळू लागली. स्पिटफायरचं रक्त सळसळलं म्हणतात ते हेच, असं मनात येतंय तोवर मागून एक मोटरसायकल आली. तिच्यावर नवरा, बायको, मधे पोरगं आणि टाकीवर धानाचं पोतं. आमच्या बरोबरीला येऊन त्या भल्या माणसाने काळजीने विचारलं, "बिगडली का जी? धक्का माराचा हाये का?"

मामांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि वाऱ्यावर ओरडले, "बिगडली नाही रे बापू, सुसाट चालली हाये!"