दिव्यदृष्टी, सवलतीच्या दरात

अर्जुनाला दिव्यदृष्टी फुकट मिळाली, कारण देणारा घरचा होता. आपल्याला आभासी जग दाखवणारा व्हीआर हेडसेट विकत घ्यावा लागतो, आणि चांगल्या हेडसेटची किंमत बायकोसमोर उच्चारायला अर्जुनापेक्षा जास्त धैर्य लागतं. आमच्यासारख्यांची दया येऊन गूगलने २०१४ मध्ये ‘कार्डबोर्ड’ काढला. पुठ्ठ्याची घडी, दोन भिंगं आणि पुढे खोचायला ज्याचा त्याचा मोबाइल. पुढच्याच वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने रविवारच्या अंकासोबत असे दहा लाखांवर डबे वाटले. आमच्या पेपरातून क्लासची पत्रकं पडतात. २०२१ मध्ये गूगलने विक्री थांबवली, तरी त्याच कुळातले प्लॅस्टिकचे डबे काही शे रुपयांत मिळतात. त्यातला एक आमच्या घरी आला.

दोन डोळ्यांना किंचित वेगवेगळी चित्रं दाखवायची, जुळवाजुळव मेंदू करतो. चार्ल्स व्हीटस्टनने हे १८३८ मध्येच दाखवून दिलं होतं, तेही रिचार्ज न मारता. आपली सगळी मदार मात्र मोबाइलवर. मान वळली हे ओळखायला त्यात जायरोस्कोप लागतो, आणि स्वस्त मोबाइलमध्ये बरेचदा त्यालाच कात्री लागलेली असते. मग मान मोडेस्तोवर फिरवा, ताजमहाल नाकासमोरून हटत नाही. शिवाय एकाच पडद्याचे दोन वाटे होतात, वर भिंग धरलेलं. त्यामुळे स्वित्झर्लंड मच्छरदाणीतून पाहिल्यासारखं दिसतं.

आमचा मोबाइल जायरोस्कोपवाला. पहिला मान आईचा. तिला ३६० अंशांतलं केदारनाथ लावून दिलं. तिने पायरीला हात लावायला पुढे झुकून पाहिलं, पण असल्या डब्याला मान वळलेली कळते, माणूस पुढे सरकलेला कळत नाही. देऊळ होतं तेवढ्याच अंतरावर. मग तिने खाली पाहिलं आणि ओरडली, “अरे, माझे पाय कुठे गेले?” पण पाय नाहीत म्हणजे गुडघेही नाहीत, हे लक्षात आल्यावर तिने निवांत दर्शन घेतलं.

शेजारच्या अण्णांना रोलरकोस्टर हवा होता. डोळे म्हणतात कोसळतोय, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो खुर्चीतच आहोत. या भांडणात पोट नाहक मध्ये पडतं. अण्णांनी टेबलाची कड घट्ट धरली, तोंडाचा आ केला, आणि ऐन उतारावर त्यांना कुणीतरी पर्सनल लोन देऊ केलं. तेव्हापासून आम्ही आधी फ्लाइट मोड लावतो, मगच उडतो. बसायला फिरती खुर्ची, पहिल्या खेपेला पाचच मिनिटं, आणि मळमळलं की डबा खाली, हा घरचा कायदा.

एवढं होऊनही सौ.ने डबा डोळ्यांना लावलेला नाही. ती सोफ्यावर शेंगदाणे घेऊन बसते आणि हवेत चाचपडणाऱ्या आम्हा सगळ्यांना बघते. परवा मी धीर करून महागड्या हेडसेटचा विषय काढलाच. तिने शांतपणे विचारलं, “तो लावून तुम्ही यापेक्षा वेगळे दिसणार आहात का?”

“नाही बहुतेक.”

“मग मला हाच पुरे.”