पाचांची होडी, दोघांचा खटाटोप
जे-२४ ही जेमतेम २४ फुटी शिडाची होडी. शर्यतीत तिला साधारण पाच माणसं लागतात. रविवारी सकाळी गेटवेच्या धक्क्यावर आम्ही दोघेच. एकाच्या मुलाची परीक्षा, दुसऱ्याचं ‘निघालोच’ अजून दादरलाच, तिसऱ्याचा फोन बंद.

तरी उतरलो. वाऱ्याने होडी कलली की तोलाला काठावर वजन हवं. तिथे आमची सुटलेली पोटं आयुष्यात प्रथमच कामी आली. घोटाळा स्पिनेकरचा. ते फुगीर शीड उघडताना सुकाणू, दोन दोर, आडवी काठी आणि वर चढवायचा दोर, सगळं एकदमच धरायचं. हात चार. (दातही वापरले.) शीड सरळ पाण्यात. शेजारून एलिफंटाची लाँच गेली, प्रवाशांनी टाटा केला.

शेवटून पहिले आलो. क्लबातल्या जेवणाला पाचही जण वेळेवर हजर होते.