आलेखराव

हे त्यांचं खरं नाव नव्हे. जिल्ह्याच्या कचेरीत ते लेखा शाखेत बसतात. टेबलावर बिलांच्या गठ्ठ्याशेजारी चौकटींची एक वही असते आणि तीत ते स्वतःच्या उत्साहाचा चढउतार लाल शाईनं काढतात. त्यावरून नाव पडलं. फाईल मागायला गेलात की आधी वही उघडते. ‘‘पावणेबारा. म्हणजे चढ. चढावर सह्या करायच्या नसतात, चिंतन करायचं असतं.’’ तीनला जावं, तर ‘‘आता उतार. उतारावर आकडे चुकतात. जबाबदारी घेता?’’ सरकारी इमारतीत जबाबदारीचं नाव काढलं की माणूस आपोआप दोन पावलं मागे सरतो.

बरं, शास्त्र तोंडपाठ. १७२९ साली द मेरां नावाच्या फ्रेंच गृहस्थानं लाजाळूचं रोप अंधारात ठेवलं, तरी पानं आपल्या वेळेला उघडत-मिटत राहिली, हे ते अशा आपलेपणानं सांगतात की रोप त्यांच्याच गॅलरीतलं असावं. शरीरातल्या घड्याळाचं यंत्र फळमाश्यांत उलगडून दाखवणाऱ्या तिघा अमेरिकनांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा आलेखरावांनी शाखेत पेढे वाटले. मेंदूत वीसेक हजार पेशींचा एक पुंजका हे घड्याळ सांभाळतो, हेही खरंच. फेब्रुवारी २०२० मध्ये पाच दिवसांचा आठवडा आला आणि कचेरीची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली. तेव्हा सगळे शनिवारच्या आनंदात होते. आलेखराव तेवढे गंभीर. ‘‘वेळ वाढवली त्याचं काही नाही हो. पण पुंजक्याला विचारलं का कुणी?’’

दुपारी न जेवताही सुस्ती येते, असं शास्त्र सांगतं. पण प्रयोगात कसूर नको म्हणून ते आधी स्वतःचा डबा संपवतात, मग शेजारच्या टेबलावरचं पिठलं चाखतात आणि मगच सुस्तीची नोंद करतात. नोंद होईस्तोवर साडेतीन.

झोपेचे संशोधक क्लाइटमन यांच्या मते जागेपणीही माणसाची तरतरी सुमारे नव्वद मिनिटांच्या फेऱ्यांनी चढते-उतरते. हे आलेखरावांनी घरी सांगितलं, तर आई म्हणाली, ‘‘म्हणजे आपली चौघडीच की रे!’’ दिवसाचे आठ भाग, एकेक साधारण दीड तासाचा. माउलीचा हिशेब चोख निघाला. फरक एवढाच, की पंचांगात उद्वेग, काळ, रोग यांच्यामधून रोज शुभ, लाभ, अमृतही येऊन जातात. आलेखरावांच्या वहीतलं अमृत सव्वासहाच्या पुढे लागतं.

मध्यंतरी त्यांनी साऱ्या कचेरीची विभागणी केली : पहाटे तरतरीत ते चंडोल, रात्री तरतरीत ती घुबडं. ‘‘साहेब, आपण घुबड आहात,’’ हे त्यांनी भर आढावा बैठकीत, अत्यंत आदरानं सांगितलं. त्या पंधरवड्यात त्यांच्याकडे जनगणनेपासून जत्रेच्या बंदोबस्तापर्यंत सगळी जादा कामं आली.

शिपाईमामांची वेळ साडेनऊ ते साडेसहा. सर्वांच्या आधी यायचं, सर्वांच्या नंतर जायचं. ते चंडोल की घुबड, हे वहीत नाही. आलेखरावांच्या प्रत्येक उतारावर एक चहा, म्हणजे मामांना दोन मजल्यांची चढण. एकदा मामांनी विचारलं, ‘‘साहेब, माझा उतार कधी असतो?’’ आलेखराव कळवळून म्हणाले, ‘‘मामा, त्यासाठी तुम्हाला दर तासाला वही भरावी लागेल.’’ तेवढ्यात घंटी वाजली आणि मामा गेले.

मग येतो मार्च. खर्ची न पडलेला निधी वर्षअखेरीस व्यपगत होतो, त्यामुळे वर्षभर शुभवेळेची वाट पाहत पडलेली देयकं एकदम उठून बसतात. एकतीस तारखेला आलेखराव सकाळी नऊलाच हजर. चढ नाही, उतार नाही, डबा उघडलेला नाही. त्रुटी काढून परत आलेली बिलं दुरुस्त होतायत, कोषागारात फोन चाललेत, सह्या तर अशा पडतायत की पेन गरम व्हावं. रात्री अकराला शेवटचं देयक निघालं. एकही आकडा चुकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वही पाहिली, तर एकतीस मार्चची चौकट कोरी. विचारलं, तर आलेखराव चिडलेच.

‘‘अहो, काल केवढं काम होतं! उत्साह मोजायला वेळ कुणाला होता?’’